बुद्धिबळात आपल्याहून वरच्या मानांकनाच्या खेळाडूशी डाव कसा खेळावा

ईलो, म्हणजे खेळाडूंचे मानांकन ठरवण्याच्या पद्धतीच्या गणिताप्रमाणे प्रतिस्पर्धी मानांकनात २०० गुणांनी वर असेल तर चार डावांत आपल्याला साधारण एक गुण मिळावा, आणि फरक ४०० असेल तर दहा डावांत जेमतेम एक. तो गुण पटावर खरी गुंतागुंत झाली तरच मिळतो, हे मनाशी धरूनच खेळायला बसावे.

समोरचा तगडा आहे म्हणून भराभर मोहऱ्यांची मारामारी करून बरोबरी पदरात पाडून घ्यावी, असे पुष्कळांना वाटते, आणि माझ्या मते अशा पराभवांचे मोठे कारण हेच आहे. उदाहरणार्थ, फ्रेंच बचाव या सुरुवातीत (१. ई४ ई६ २. डी४ डी५) पांढऱ्याने तिसऱ्याच चालीला डी५ वरचे प्यादे मारले, की दोन्ही बाजूंची प्याद्यांची रचना सारखी होते, फक्त ई ही उभी पट्टी मोकळी राहते, तिथे बहुधा हत्ती मारले जातात आणि उरतो तो लांबलेला शेवटचा टप्पा, जिथे त्याचे कसब सर्वाधिक आणि आपला सराव सर्वांत कमी असतो. म्हणून मोहरा मारण्याआधी, मारामारी संपल्यावर कोणाचे मोहरे अधिक चांगल्या घरांत असतील, एवढे तपासावे. उत्तर ‘त्याचे’ असेल तर ताण तसाच राहू द्यावा.

सुरुवात नेहमीच्या सवयीची असावी. तो झटपट चाली करतो म्हणून आपणही घाई करू नये.

तरीही राजांखेरीज फक्त हत्ती आणि प्यादी उरलेला शेवट वाट्याला आलाच, तर फिलिडोरचा बचाव ही बरोबरी राखण्याची रीत हाताशी हवी. त्याच्याकडे हत्ती आणि एक प्यादे, आपल्याकडे फक्त हत्ती, आणि आपला राजा प्याद्याच्या वाटेत उभा, अशा स्थितीत हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीवर ठेवावा, म्हणजे त्याच्या राजाला पुढे येता येत नाही. प्यादे त्या तिसऱ्या ओळीवर सरकताच हत्ती थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यावा आणि मागून शह देत राहावे. आता त्याच्या राजाला प्याद्याआड लपता येत नाही. हा बचाव आधी पटावर मांडून घटवावा, कारण घड्याळात दोन मिनिटे उरली असताना तो नव्याने सुचत नाही.

बरोबरीचा प्रस्ताव चाल केल्यानंतर, पण घड्याळ दाबण्यापूर्वी, एकदाच मांडावा. वारंवार विचारणे नियमातही बसत नाही.

डाव संपल्यावर, त्याला कोणत्या चालीला सर्वांत जास्त विचार करावा लागला, हे आवर्जून विचारावे आणि स्कोअरशीटवर, म्हणजे चाली लिहिलेल्या कागदावर, त्या चालीपुढे खूण करून ठेवावी.