गोबरगॅस आहे ना? मग तो नीट चालवा

आपल्या सांगली भागात वाळवा-पलूसकडं दारात जनावरं असतातच, शेणाला तोटा नाही, तरी कितीतरी गोबरगॅस बंद पडलेत, वाईट वाटतं बघून.

शेण आणि पाणी निम्मं निम्मं, चांगलं कालवून रोज घालायचं, २ घनमीटरच्या प्लांटला साधारण ५० किलो शेण लागतं. एक दिवस डबल आणि दोन दिवस काहीच नाही असं केलं की आतले जिवाणू बिघडतात. खरकटं, भाजीचे देठ चालतात पण बारीक करून आणि थोडे थोडेच. पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, मात्र आत टाकू नका, ते कुजत नाही लवकर, वर तरंगून साय धरतं आणि गॅस अडतो, त्यापेक्षा उसाच्या सरीतच आच्छादन करा. फिनेल, साबणाचं पाणी तर अजिबात नको!

आता सगळ्यात महत्त्वाचं, गळती. या गॅसमधला निम्म्याहून जास्त भाग मिथेन असतो आणि तो हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट जास्त उष्णता धरतो, म्हणजे पर्यावरणासाठी प्लांट बांधला आणि पाईप गळतोय तर उलटंच झालं की. जॉइंटला साबणाचा फेस लावून बघा, बुडबुडे आले की लगेच दुरुस्त करा, काडी ओढून तपासू नका. गॅस उरत असेल तर शेजारच्या घरी लाईन द्या.

थंडीत गॅस कमी होतो, तेव्हा कोमट पाण्यात शेण कालवा.

स्लरी, म्हणजे प्लांटमधून बाहेर पडणारा शेणकाला, ओढ्याला सोडू नका राव, हळदीला, उसाला पाटाच्या पाण्यातून द्या, युरिया कमी लागतो.