दोषारोपपत्राची नक्कल हाती आली की काय तपासायचं

आपल्याविरुद्ध नेमकं काय काय आहे, हे साक्षीपुरावा सुरू होण्याआधी आरोपीला कळलं पाहिजे. ते कळलं नाही, तर पुढचा खटला न्याय्य होत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी खटल्याची कार्यपद्धती ठरवणाऱ्या कायद्याचं) कलम २३० यासाठीच आहे: आरोपी कोर्टात हजर झाल्यापासून १४ दिवसांत दोषारोपपत्र (पोलिसांनी तपासानंतर कोर्टात दिलेला अहवाल), फिर्याद, साक्षीदारांचे जबाब आणि सोबतचे कागद विनामूल्य मिळायला हवेत.

'नकला मिळाल्या' म्हणून सही करण्याआधी यादी समोर ठेवून पानं मोजा. पाठपोट लिहिलेल्या पंचनाम्याची मागची बाजू झेरॉक्समध्ये राहून जाते. सीसीटीव्हीचा उल्लेख असतो, पण पेनड्राइव्ह नसतो. जे नाही किंवा वाचता येत नाही, त्यासाठी कोर्टात लेखी अर्ज द्या. तोंडी मागणीची नोंद राहत नाही.

मग एका कोऱ्या कागदावर घटना, फिर्याद आणि प्रत्येक पंचनामा सुरू झाल्याची व संपल्याची वेळ ओळीने लिहा. चाकू जप्त झाला असेल तर पंचनाम्यात कागदात गुंडाळणं, पंचांच्या सह्यांचं लेबल आणि लाखेचं सील यांचा उल्लेख आहे का? जप्तीपासून रासायनिक विश्लेषकाकडे पोहोचेपर्यंत तो कुठे आणि कुणाच्या ताब्यात होता? इथे तारखांचा मेळ बसत नसेल, तर उलटतपासाचा पहिला प्रश्न तोच.

पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही (भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम २३). मात्र आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली असेल, तर निवेदनाचा तेवढा भाग चालतो. म्हणून निवेदन पंचनामा (आरोपीने पंचांसमोर काय सांगितलं त्याची नोंद) शब्दन्‌शब्द वाचा. ती जागा पोलिसांना आधीच माहीत होती असं दुसऱ्या कुठल्या कागदावरून दिसतं का, हे शोधा.

सर्वांत जास्त चूक विसंगतीच्या बाबतीत होते. पोलिसांकडच्या जबाबात काठी आणि कोर्टात कोयता, असं साक्षीदार बोलला, तर जबाबातलं नेमकं वाक्य त्याला दाखवून त्यावर 'अ', 'ब' अशी अक्षराची खूण करून घ्यावी लागते. काम इथे निम्मंच होतं. पुढे तपासी अंमलदार साक्षीला आला की 'साक्षीदाराने हे तुम्हाला असंच सांगितलं होतं का' हे त्याला विचारायलाच हवं. नाहीतर विसंगती शाबीत होत नाही आणि इतका चांगला मुद्दा वाया जातो. ही वाक्यं पान क्रमांकासह वकिलांना आधीच लिहून द्या.

वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. नेमलेल्या वकिलाला कागद वाचायला वेळ मागून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये साधारण किमान सात दिवस योग्य मानले आहेत.

शेवटी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ खाली न्यायाधीश आरोपीला प्रश्न विचारतात. इथे शपथ नसते, लेखी निवेदन देता येतं. विरोधात जाणारी एखादी बाब विचारायची राहिली, तर वकिलांनी त्याच दिवशी कोर्टाच्या नजरेस आणावी. नाहीतर अपिलात त्यामुळे नुकसान झालं हे दाखवत बसावं लागतं.