जाळी काढण्याचं यॅग लेसर: आधी काय तपासून घ्यायचं, नंतर कशावर लक्ष ठेवायचं

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धुरकट दिसू लागलं, की घरात लगेच म्हणतात, ‘मोतीबिंदू परत आला.’ तो परत येत नाही. ऑपरेशनमध्ये डोळ्याचं मूळ भिंग काढतात, पण त्याची पातळ पिशवी तशीच ठेवून कृत्रिम लेन्स तिच्यात बसवतात. पिशवीच्या कडेला उरलेल्या पेशी हळूहळू पिशवीच्याच मागच्या पडद्यावर (हा रेटिना नव्हे) पसरतात. हीच जाळी. यॅग लेसरने त्या पडद्याला मधोमध भोक पाडलं की वाट मोकळी होते. टाका नाही, भूल म्हणजे फक्त थेंब, काम काही मिनिटांचं. इतकं सोपं असल्यामुळेच आधीची तपासणी आणि नंतरची देखरेख घाईत उरकली जाते, आणि बरेचसे त्रास तिथेच सुरू होतात.

धूर नक्की जाळीचाच आहे का?

हा प्रश्न डॉक्टरांना थेट विचारा. मधुमेह असेल तर रेटिनाच्या (डोळ्याच्या तळाशी जिथे चित्र उमटतं त्या थराच्या) मध्यभागी, म्हणजे मॅक्युलाला, सूज असू शकते. लेसरने ती कमी होत नाही, उलट वाढू शकते. म्हणून बाहुली मोठी करून रेटिना पाहणं आणि शंका असल्यास ओसीटी, म्हणजे रेटिनाच्या थरांचं स्कॅन, करणं आधी हवं.

दुसरी गफलत जास्त महागात पडते. काही हायड्रोफिलिक (पाणी शोषणाऱ्या) अ‍ॅक्रिलिक लेन्स वर्षांनंतर स्वतःच दुधाळ होतात, कारण त्यांच्यावर किंवा आत कॅल्शियमचे कण साचतात. हा धूर जाळीचा समजून लेसर मारलं तर दिसण्यात फरक पडत नाही, पण मागचा पडदा मात्र फुटतो. मग लेन्स बदलायची वेळ आली की मागे आधार उरत नाही, डोळ्यातला जेलसारखा द्रव पुढे येतो आणि ऑपरेशन फार अवघड होतं. लेसरनंतरही नजर सुधारली नाही तर ‘आणखी एकदा मारू’ म्हणण्याआधी लेन्स आणि मॅक्युला पुन्हा तपासून घ्या.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लेसरसाठी निदान 3 महिने तरी थांबतात. अनेक डॉक्टर 6 महिने थांबणं पसंत करतात.

जाताना लेन्सचं कार्ड सोबत न्या. सिलिकॉनच्या लेन्सवर लेसरचा ओरखडा लवकर उमटतो आणि पट्टीसारख्या आकाराच्या सिलिकॉन लेन्स पडदा उघडल्यावर मागे सरकल्याची उदाहरणं आहेत. या गोष्टीही न विचारता सांगा: मोतीबिंदूच्या आधी उणे 6 किंवा त्याहून मोठा नंबर होता का, कुठल्याही डोळ्याचा रेटिना कधी फाटला किंवा सुटला होता का, काचबिंदू आहे का, डोळ्याला आतून सूज येऊन गेली आहे का, दमा किंवा सल्फाची अ‍ॅलर्जी आहे का.

लेसरच्या खुर्चीत

साधारण तासभर आधी बाहुली मोठी करणारे थेंब आणि डोळ्यातलं प्रेशर (दाब) वाढू नये म्हणून ब्रिमोनिडिन किंवा अ‍ॅप्राक्लोनिडिनचा थेंब घालतात. 1064 नॅनोमीटरचा हा किरण डोळ्याला दिसत नाही. लाल ठिपका फक्त नेम धरण्यासाठी असतो. ऊर्जा 1 मिलिज्यूलच्या आसपास सुरू करून गरजेपुरतीच वाढवतात. जितकी एकूण ऊर्जा कमी, तितकी सूज आणि प्रेशरची भीती कमी. नेम पडद्याच्या किंचित मागे ठेवतात. तो पुढे आला की लेन्सवर बारीक खड्डा पडतो. कडेचे दोन-चार खड्डे जाणवतही नाहीत, मधोमध बरेच पडले तर रात्री दिव्यांभोवती चकाकी दिसते.

रुग्णाने करायचं ते एवढंच: कपाळ पट्टीला घट्ट टेकवलेलं ठेवायचं आणि सांगितलेल्या दिव्याकडे पाहत राहायचं. बोलताना हनुवटी हलते, म्हणून अडचण वाटली तर आधी हात वर करा. बारीक टक-टक ऐकू येते, ती लेसरच्या सूक्ष्म स्फोटाची असते. घाबरून मागे सरकू नका.

भोक साधारण 3 ते 4 मिलिमीटरचं असतं. फार लहान राहिलं तर अंधारात बाहुली मोठी झाल्यावर कडेची जाळी आड येते.

पहिले काही तास: प्रेशर

फुटलेल्या पडद्याचे कण आणि सूजेच्या पेशी डोळ्यातलं पाणी बाहेर नेणाऱ्या जाळीदार वाटेत अडकतात, म्हणून प्रेशर चढतं. ते बहुधा पहिल्या 1 ते 4 तासांत वाढतं. त्यामुळे लेसर झाल्याझाल्या घरी निघू नका. तास-दोन तासांनी प्रेशर मोजूनच निघा. साधारण 10 ते 21 मिमी पारा ही नेहमीची मर्यादा. काचबिंदूच्या रुग्णाने दुसऱ्या दिवशीही मोजावं, कारण आधीच कमकुवत झालेल्या डोळ्याच्या नसेला थोडी वाढसुद्धा सोसत नाही. काचबिंदूचे नेहमीचे थेंब स्वतःहून बंद करू नका. प्रेशर चढलं तर टिमोलॉलचे थेंब किंवा अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी देतात. दमा आणि सल्फाची अ‍ॅलर्जी आधी सांगायची ती यासाठीच.

त्या संध्याकाळी डोळा ठणकू लागला, डोकं दुखून मळमळलं किंवा दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, तर सकाळची वाट पाहू नका.

सूज उतरवणारे थेंब बहुधा दिवसातून 4 वेळा, आठवडाभर असतात. लाली गेली म्हणून तिसऱ्याच दिवशी ते सोडू नका. चीर नसल्याने तोंड धुण्याला, डोक्यावरून अंघोळीला बंदी नाही. बाहुली मोठी असेपर्यंत गाडी मात्र चालवू नये.

पुढचे आठवडे आणि महिने

डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगणं काही आठवडे चालतं; ते पडद्याचेच तुकडे असतात. पण एकाएकी ठिपक्यांचा पाऊस पडल्यासारखं झालं, अंधारात विजेसारखे चमकारे दिसले किंवा एका बाजूने काळी सावली सरकत आली, तर रेटिना फाटल्याची किंवा सुटल्याची शक्यता असते. त्याच दिवशी रेटिनाच्या डॉक्टरांना दाखवा. फक्त फाटला असेल तर लेसरने कडा चिकटवता येतात; सुटून मॅक्युलापर्यंत गेला की नजर पूर्ण परत येईलच असं नाही. हा धोका पहिल्या महिन्यात संपत नाही, वर्षभरानंतरही येऊ शकतो. मोठ्या उणे नंबरवाल्यांनी तर हे घरच्यांनाही सांगून ठेवावं.

मॅक्युलाची सूज गुपचूप येते, दुखत नाही. आठवड्यातून एकदा चश्मा लावून, एक डोळा तळहाताने झाकून, खिडकीचे गज किंवा फरशीच्या रेषा पाहा. मग दुसऱ्या डोळ्याने. रेषा वाकड्या किंवा मधोमध पुसट दिसल्या तर ओसीटी करून घ्या. लवकर सापडली तर बहुतेकदा थेंबांनीच उतरते. 4 ते 6 आठवड्यांनी बाहुली मोठी करून रेटिना एकदा तपासून घ्या, आणि चश्म्याचा नंबर काढायचा असेल तर तोही तेव्हाच काढा.