पुण्यात शिकायला येताय? कॉटचं डिपॉझिट कुणाच्या हातात देताय ते आधी बघा

बारावीचा निकाल लागला की अहमदपूरकडून मला फोन यायला लागतात. ताई, सदाशिव पेठ बरी की कोथरूड? मेस कुठली लावू? स्वयंपाक रूमवर करू देतात का? ॲडमिशनच्या फेऱ्या, नॉन-क्रिमिलेअर, जातपडताळणी हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असतं, त्यामुळं त्यात मी पडत नाही. डिपॉझिटवर मात्र लांबलचक बोलणार आहे. कंटाळा आला तरी तेवढं वाचा, बाकीचं सोडलं तरी चालेल.

सदाशिव, नारायण, शनिवार, नवी पेठ या पट्ट्यात बहुतेक पोरंपोरी कॉट बेसिसवर राहतात, म्हणजे अख्खी खोली नाही, तिच्यातली एक कॉट भाड्यानं. माझ्या रूममध्ये चार कॉट, दोघींत एक कपाट आणि जिन्याखाली बाथरूम. कॉटचे साडेतीन हजार, डिपॉझिट दोन महिन्यांचं म्हणजे सात हजार. पप्पा आणि मी रूम बघायला गेलो तेव्हा त्या कॉटवरची मुलगी परीक्षा देऊन गावाकडं निघाली होती. बॅगा भरलेल्या. ती म्हणाली, "माझं डिपॉझिट मालकाकडं जमा आहे. तुम्ही मला सात द्या, ही जाईल तेव्हा मालक हिला देतील. नाहीतर हिनं पुढच्या मुलीकडून घ्यायचे. इथं सगळे असंच करतात." मालक संध्याकाळी भेटणार होते आणि आमची गाडीही संध्याकाळचीच. पप्पांनी बंडीच्या खिशातून नोटा काढल्या, थुंकी लावून दोनदा मोजल्या. तिनंही मोजल्या. वर आम्हाला पाणी विचारलं.

आता यात काय झालं ते नीट बघा, कारण ती मुलगी फसवणारी नव्हती. तिनंही तिच्या आधीच्या मुलीला असेच पैसे दिले होते, आणि त्या मुलीनं तिच्या आधीच्या मुलीला. मालकाच्या डायरीत नाव होतं ते या साखळीतल्या अगदी पहिल्या मुलीचं. ती कोण, कुठली, कुणालाच माहीत नाही. रक्कम होती चार हजार, कारण तेव्हा कॉटचं भाडं दोन हजार होतं. पुढं भाडं वाढत गेलं तसं पोरींनी आपापसात डिपॉझिटही वाढवलं. मालकाच्या हातात मात्र तेच जुने चार हजार. म्हणजे मी सात हजार दिलेले, मालकाकडं चार, आणि तेही माझ्या नावावर नाहीत. मधले तीन हजार कुठल्या तरी जुन्या पोरीसोबत केव्हाच गावाला गेलेले.

हे कळतं कधी? तर निघताना. जून ते ऑगस्ट निघालात तर कधीच कळत नाही, कारण दारात नवी मुलगी पैसे घेऊन उभी असते. माझं तसं झालं नाही. पदवीनंतर मी विद्यापीठात एम.ए.ला गेले आणि तिथल्या वसतिगृहाच्या यादीत माझं नाव लागलं ते दिवाळीच्या तोंडावर. त्या दिवसांत पेठेत रूम शोधायला कुणी येत नाही. मालकांना डिपॉझिट मागितलं तर त्यांनी डायरी काढून माझ्यासमोर उघडून ठेवली. "तुमच्याकडून मी एक रुपया घेतलेला नाही. घेतला असेल तर दाखवा." काय दाखवणार? पावती नाही, ऑनलाइन व्यवहार नाही, आणि जिला पैसे दिले तिचा नंबर बंद.

मैत्रिणींनी सल्ला दिला तो तुम्हालाही देतील: थांब थोडी, कुणी सापडली की तिच्या गळ्यात मार. नंदुरबारकडची एक मुलगी वडिलांना घेऊन आलीसुद्धा. तिच्या वडिलांनी सरळ मलाच विचारलं, "पैसे कुणाकडं द्यायचे?" मी त्यांना घेऊन मालकाकडं गेले. रिकाम्या कॉटचं भाडं बुडत होतं, त्यामुळं मालकही ऐकायच्या मनःस्थितीत होते. ठरलं असं: नव्या मुलीनं डिपॉझिट थेट मालकाला द्यायचं, मालकानं तिच्या नावाची पावती करायची आणि जुने चार हजार तिथंच माझ्या हातात द्यायचे. तीन हजार बुडाले ते बुडाले. पण ती साखळी त्या कॉटपुरती तरी तुटली. तुम्ही कधी मधेच अडकलात तर हाच मार्ग धरा. मालक, जाणारी आणि येणारी, तिघंही एकाच वेळी एकाच खोलीत हवेत. फोनाफोनीवर हे मिटत नाही.

मुळात अडकूच नये म्हणून काय करायचं? कॉट आवडली तरी मालक भेटल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत. गाडी चुकली तर चुकू द्या, दुसरी मिळते. पैसे मालकाच्या स्वतःच्या खात्यावर यूपीआयनं पाठवायचे आणि शेऱ्यात "कॉट डिपॉझिट" असं लिहायचं. रोखच हवेत म्हणाला तर साध्या कागदावर सही घ्यायची: नाव, रक्कम, तारीख, सोडताना किती दिवस आधी सांगायचं, आणि कशाकशाचे पैसे कापणार. हे शेवटचं विसरू नका. रंगाचे, लाइट बिलाचे, तुटलेल्या नळाचे असं करत अर्धं डिपॉझिट वळतं करणारे महाभाग आहेत. कागद मागितला की काही मालकांचं तोंड वाकडं होतं. होऊ द्या. जो आज सही करायला कुरकुरतो तो उद्या पैसे हसत देणार आहे का?

तिघी-चौघींनी मिळून फ्लॅट घेणार असाल तर रीतसर अकरा महिन्यांचा करार करतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधलं कलम ५५ सांगतं की हा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. एवढं एक वाक्य तोंडपाठ ठेवा. मालकाशी भांडायला नाही, पण तुम्हाला माहीत आहे एवढं त्याला कळलं तरी बोलण्याचा सूर बदलतो. नोंदणी ऑनलाइन होते. आणि करारात सगळ्यांची नावं घाला. एकीच्या नावावर करार आणि बाकीच्या तिच्या भरवशावर, हा त्याच साखळीचा मोठा अवतार आहे.

एजंटबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते मी बदलणार नाही. एक महिन्याचं भाडं घेऊन तो तुम्हाला तीच रूम दाखवतो, जिची पाटी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात लटकलेली असते. सकाळी दहाला टिळक रोडपासून चालायला लागा, झेरॉक्सवाले, मेसवाले आणि इस्त्रीवाले यांना विचारत जा. दुपारपर्यंत पाय दुखतील, पण चार रूम बघून होतात.

एवढं वाचून घाबरला असाल तर सांगते, घाबरण्यासारखं फार नाही. बाकीच्या गोष्टी दोन महिन्यांत अंगवळणी पडतात. भाजीत गूळ असतो, वरण पातळ असतं, रविवारी दुपारी फीस्ट आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद. त्या संध्याकाळसाठी मॅगी किंवा पोहे रूमवर ठेवा, नाहीतर महिन्यातले चार रविवार वडापाववर जातात. मेस लावताना चव बघतातच सगळे, तुम्ही खाड्याचा नियम विचारा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे कधी वजा होतात ते. बऱ्याच ठिकाणी सलग तीन दिवस नसाल आणि आदल्या दिवशी सांगितलं असेल तरच खाडा धरतात. शनिवार-रविवार गावाकडं जाऊन आलात तर पैसे गेलेच. पूर्ण महिन्याचे भरण्याआधी चार दिवस सुटे पैसे देऊन जेवा. पहिल्या दिवशी सगळ्याच मावशी प्रेमानं वाढतात.

अभ्यासिकेचं खूळ पहिल्या वर्षाला डोक्यात घेऊ नका. पेठेत प्रत्येक जिन्यावर अभ्यासिका आहे आणि तिथं स्पर्धा परीक्षेची मुलं दहा-बारा तास बसतात. त्यांना बघून आपणही बसावं असं वाटतं, महिन्याचे पैसे भरतो आणि तिथं बसून मोबाइल बघतो. कॉलेजच्या ग्रंथालयाला वाचनकक्ष असतो, तो फुकट आहे. मी विद्यापीठात गेल्यावर जयकर ग्रंथालयात बसायला लागले. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मु. रा. जयकर यांच्या नावाचं ते ग्रंथालय. बाहेर झाडं, आत शांतता. तिथं माझा जेवढा अभ्यास झाला तेवढा पैसे भरलेल्या खुर्चीवर कधी झाला नाही. पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून जुनी घ्या आणि वर्ष संपलं की तिथंच विका. नवीन अभ्यासक्रम लागू झाला आहे का तेवढं आधी वर्गात विचारून घ्या, नाहीतर स्वस्त पुस्तक फुकट जातं.

आणि ते "दादा" लोक. प्रत्येक जिल्ह्याचा एक दादा पुण्यात असतो. सात-आठ वर्षं इथं आहे, सगळं माहीत आहे, नोट्स देतो, क्लास सुचवतो, रूमही सुचवतो. त्यातले काही खरंच देवमाणूस असतात. काहींना क्लासवाल्याकडून डोक्यामागं पैसे मिळतात. ओळखायचं कसं? जो दादा तुम्हाला "आत्ताच भर, सीट जाईल" म्हणतो त्याच्यापासून चार हात लांब राहा. माझ्यापेक्षा एकच वर्षानं मोठ्या असलेल्या मुलीनं मला जेवढी कामाची माहिती दिली तेवढी कुठल्याही दादानं दिली नाही, कारण तिला सगळं ताजं आठवत होतं.

पैशांची ओढाताण असेल तर लाजू नका, आधी कॉलेजातल्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेटा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना आहे. ग्रंथालयात, विभागात, बागेत काम मिळतं आणि तासावर पैसे. गरीब आणि ग्रामीण भागातल्या मुलामुलींसाठी विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून पुण्यात वसतिगृहं चालवते, तिथं मुलाखत होते, अर्ज निकालानंतर लगेच करा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये अशी रचना मला रूममेटच्या अर्जावरून कळली: जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. अर्जाच्या वेळी इथं कुठं राहता याचा पुरावा लागतो. तेव्हा ती त्याच मालकाकडं कागद मागायला गेली आणि तिला काय काय ऐकावं लागलं ते मी ऐकलंय. अजून एक: शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. पुण्यात नवीन खातं काढलंत आणि तिथं आधार जोडलं, तर पैसे गावाकडच्या खात्यात शोधत बसू नका.

मालकाबद्दल एवढं बोलले, तर हेही सांगायला पाहिजे. आषाढी वारीला निघालेल्या ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या वाटेत पुण्यात मुक्कामाला असतात. एका वर्षी माझी मामी आणि गावच्या दोघी जणी दिंडीतून थेट रूमवर आल्या. भिंतीवर ठळक पाटी, "पाहुण्यांना मनाई". रात्री साडेनऊला गेट बंद व्हायचं, आणि या तिघी पावणेदहाला पावसात गेटबाहेर, डोक्यावर प्लास्टिकचे कागद. मी मालकीणकाकूंना हाक मारली ती शिव्या खायच्या तयारीनंच. काकू किल्ली घेऊन खाली आल्या, मामीच्या पाया पडल्या आणि बंब पेटवायला गेल्या. सकाळी मालक स्वतः तिघींना चहा घेऊन आले. डायरी उघडून दाखवणारे ते हेच गृहस्थ. पुण्यात घरमालकाबद्दल एकच एक मत करून घेणं अवघड आहे, कागद मात्र दोन्ही वेळेला लागतो.

गणपतीच्या दिवसांत पेठेत अभ्यास होत नाही, तो हट्ट सोडा. ढोलपथकांचा सराव महिनाभर आधीपासून चालतो आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत रस्ते बंद असतात. परीक्षा जवळ असेल तर त्या दोन दिवसांसाठी कोथरूड-औंधकडं मैत्रिणीची रूम आधीच ठरवा. नसेल तर खाली उतरा आणि बघा, पुढं नोकरीला लागल्यावर रजा काढून यावं लागतं.

रूम बघायला यायचं ते वार बघून या. शनिवार-रविवार गर्दी असते आणि मालक घाई करतात. देखभालीसाठी पालिका अधूनमधून गुरुवारी पाणी बंद ठेवते, शुक्रवारीही ते उशिरा आणि कमी दाबानं येतं. टाकी केवढी, वर किती जणी, मोटर कोण लावतं हे इतर दिवशी विचारलं तर "चोवीस तास पाणी आहे" एवढंच उत्तर मिळतं. असा एखादा गुरुवार गाठता आला तर जिन्याखालच्या बाथरूमचा नळ स्वतः सोडून बघा, आणि मग बोला भाड्याचं.