राणी विल्हेल्मिनाच्या परागंदा वर्षांचा माग कसा काढावा

सुरुवात कानांनी करा. राजवाडे, पुतळे, संग्रहालयं सगळं नंतर.

मी शाळेत इतिहास शिकवायचे. आता मुलाकडे डेल्फ्टला असते, आणि भारतातून कुणी आलं की नेदरलँड्सच्या या राणीची गोष्ट सांगत त्यांना फिरवणं हे माझं अगदी मनापासूनचं काम. अनुभवाने सांगते, ज्यांनी आधी तिचा आवाज ऐकलेला असतो त्यांना पुढचं सगळं दिसतं. बाकीचे फोटो काढून पुढे सरकतात. १९४० ते १९४५ अशी पाच वर्षं ती लंडनमध्ये होती आणि मायदेश जर्मनांच्या ताब्यात. तिचं म्हणून लोकांच्या घरात शिरू शकेल असं एकच काही उरलं होतं, तो म्हणजे हा आवाज.

इंटरनेटवर ‘रेडिओ ओरान्ये’ (लंडनहून चालणारा डच सरकारचा रेडिओ कार्यक्रम) आणि विल्हेल्मिना एवढं शोधलंत तरी भाषणांचे तुकडे मिळतात. हिल्व्हरसमला देशाचा दृकश्राव्य संग्रह आहे, त्यांच्याकडे ही ध्वनिमुद्रणं जपलेली आहेत. पहिलं भाषण २८ जुलै १९४० चं. बीबीसीने डच सरकारला रोज रात्री पंधरा मिनिटं दिली होती, त्या कार्यक्रमाचा शुभारंभ राणीने केला. पुढे युद्ध संपेपर्यंत ती तिथून ३४ वेळा बोलली. डच येत नसेल तरी ऐका. साठीला टेकलेली बाई, शब्द सावकाश, आवाज करडा. लाघव नाही, रडगाणं नाही. हिटलरला ती मानवजातीचा कट्टर शत्रू म्हणते तेव्हासुद्धा आवाज चढत नाही. इथे नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी डच शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना मी मुद्दाम हीच भाषणं ऐकायला लावते. उच्चार इतके स्वच्छ आहेत की शब्द सुटे करून घेता येतात.

ऐकताना एक लक्षात ठेवा. परदेशी केंद्रं ऐकायला जर्मनांनी जुलै १९४० मध्येच बंदी घातली होती. लहरींमध्ये खरखर सोडून आवाज बुजवायचा प्रयत्न चाले. मे १९४३ मध्ये तर रेडिओ संच जमा करायचा हुकूम निघाला. तरी लोकांनी ते माळ्यावर, फरशीखाली, कपाटाच्या मागे लपवले. हे जमेस धरलं नाही तर ते भाषण आजच्या कुठल्याही सरकारी भाषणासारखं वाटेल.

कानांनंतर कागद. डेल्फर नावाच्या संकेतस्थळावर जुनी डच वृत्तपत्रं फुकट वाचता येतात, आणि युद्धातली भूमिगत पत्रंही. तारखेची चाळणी लावा. उघडपणे निघणारी वर्तमानपत्रं जर्मन देखरेखीखाली होती, म्हणून भूमिगत अंकांवर भर द्या. ‘व्हरेय नेदरलांड’चा पहिला अंक ३१ ऑगस्ट १९४० ला निघाला. तो राणीचा साठावा वाढदिवस. ही तारीख योगायोगाने पडलेली नाही. मे महिन्यात हेच लोक तिच्यावर चिडले होते, आम्हाला सोडून गेली म्हणून. तीन-साडेतीन महिन्यांत तिचा वाढदिवस हा विरोधाचा दिवस झाला. हा बदल कसा झाला, हाच तुमच्या शोधाचा कणा धरा.

आता पायांचं काम. रॉटरडॅमच्या मेट्रोची ‘ब’ मार्गिका पकडा आणि हूक व्हान होलांडला जा. ही गाडी थेट समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाते. आमच्या नणंदबाई इथे आल्या तेव्हा पहिलाच प्रश्न त्यांनी विचारला, ‘म्हणजे राणी पळून गेली?’ सगळ्यांच्या मनात तेच असतं, म्हणून हा दिवस नीट सांगा.

१० मे १९४० च्या पहाटे जर्मन आले. द हेगच्या आजूबाजूच्या तीन विमानतळांवर छत्रीधारी सैनिक उतरवून राणी आणि सरकार दोन्ही ताब्यात घ्यायचा त्यांचा डाव होता. तो डच सैन्याने उधळला. १२ तारखेच्या रात्री युवराज्ञी युलियाना आणि तिच्या दोन लहान मुली आयमाउडनहून इंग्लंडला निघाल्या. राणी मागे थांबली. १३ तारखेला पहाटे पाच वाजता तिने लंडनला राजे सहावे जॉर्ज यांना फोन करून विमानं पाठवा म्हणून विनवलं. त्याच सकाळी ती मोटारीने हूकला आली आणि ‘हेअरवर्ड’ या ब्रिटिश विनाशिकेवर चढली. तिला जायचं होतं ते झेलांडला, आपल्याच देशाच्या नैर्ऋत्य टोकाला, जिथे लढाई चालू राहिली असती. वर जर्मन विमानं, किनाऱ्याशी संपर्क नाही. बोट हार्विचला गेली. तिथून आगगाडीने लंडनचं लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशन, आणि फलाटावर स्वतः राजे उभे. त्यांची ही पहिलीच भेट. देश सोडायचा माझा इरादाच नव्हता, असं तिने त्यांना सांगितल्याची नोंद त्यांच्या रोजनिशीत आहे. दुसऱ्या दिवशी रॉटरडॅम जळालं आणि डच सैन्याने शस्त्रं खाली ठेवली.

नणंदबाईंना मी राजाराम महाराजांच्या जिंजीची आठवण दिली. गादी शत्रूच्या हाती लागली नाही तर लढा संपत नाही, हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

हूकला असताना बंदराजवळचं लहान मुलांचं स्मारक चुकवू नका. १९३८-३९ मध्ये नाझी राजवटीतून सुटलेली हजारो ज्यू मुलं याच वाटेने, हूक ते हार्विच, इंग्लंडला गेली. लिव्हरपूल स्ट्रीटलाही त्यांचं स्मारक आहे. राणीची वाट आणि त्या मुलांची वाट एकच होती. हे मनात ठेवा, पुढे लागेल.

हूकहून हार्विचला प्रवासी बोट आजही जाते. जमत असेल तर लंडनला विमानाने न जाता तीच घ्या, पलीकडे उतरून लिव्हरपूल स्ट्रीटची गाडी पकडा. सगळा मार्ग तिचाच.

लंडनमध्ये फार वेळ घालवायची गरज नाही. चेस्टर स्क्वेअरमधलं ७७ क्रमांकाचं घर बाहेरून बघा, तिथे युद्धकाळात तिचा मुक्काम आणि कामकाज असे. पिकॅडिलीला स्ट्रॅटन हाउसमध्ये डच सरकारची कार्यालयं होती. ऑस्टिन फ्रायर्सचं डच चर्च ऑक्टोबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात पार गेलं, आज आहे ती नंतरची इमारत. राणी पुढे शहराबाहेरही राहिली. १९४४ मध्ये साउथ मिम्सजवळच्या तिच्या घरावर बॉम्ब पडला, पहारेकरी मेले, ती थोडक्यात वाचली.

एका जागी मात्र थांबा, हाइड पार्कच्या उत्तरेला, २३ हाइड पार्क प्लेस. इथे ‘ओरान्येहाव्हन’ नावाचा क्लब होता. होडीतून उत्तर समुद्र ओलांडून, किंवा फ्रान्स-स्पेनमार्गे महिनोन्‌महिने लपतछपत जे डच तरुण इंग्लंडला पोचले त्यांच्यासाठी राणीने तो उभा केला. त्यांना ती भेटायला बोलावी, चहा पाजी आणि प्रश्न विचारी. घरी लोक काय खातात, काय बोलतात, कोण शरण गेलं, कोण नाही. माझ्या मते तिचा कणखरपणा टिकला तो या पोरांमुळे. तिच्याच मंत्रिमंडळात हातपाय गाळलेली माणसं होती. पंतप्रधान दे खेर यांना जर्मनीशी तडजोड करावीशी वाटत होती. सप्टेंबर १९४० मध्ये त्यांच्या जागी तिने खेर्ब्रांडींना आणलं. दे खेर नंतर स्वतःहून व्यापलेल्या देशात परत गेले, युद्धानंतर त्यांच्यावर खटला चालला. नोर्डवेकच्या किनाऱ्यावर, एका जर्मन बंकरमध्येच, या समुद्र ओलांडणाऱ्यांचं संग्रहालय आहे. लंडनला जाता आलं नाही तर तिथे जा.

आता अवघड भाग, तो गाळून राणीची गोष्ट सांगणं मला मान्य नाही.

हूकच्या स्मारकातली ती मुलं आठवा. मग पुन्हा भाषणांकडे या आणि यावेळी काय नाही ते ऐका. नेदरलँड्समधून एक लाखावर ज्यू मारले गेले, दर चारांतले जवळजवळ तीन. वेस्टरबोर्क या इथल्या छावणीतून आउश्वित्झच्या मृत्युछावणीकडे पहिली गाडी सुटली १५ जुलै १९४२ ला. राणीने १७ ऑक्टोबर १९४२ च्या भाषणात ज्यू देशबांधवांच्या पद्धतशीर संहाराचा उल्लेख केला, स्पष्ट शब्दांत केला. पण सगळ्या ३४ भाषणांत असे उल्लेख हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांना लपवा, दार उघडा, असं तिने लोकांना वारंवार सांगितलं असतं तर? कुणी म्हणतं फरक पडला नसता. मला ते पटत नाही. जिचा शब्द ऐकायला लोक तुरुंगाची जोखीम घेत होते तिच्या शब्दाला वजन होतं. ४ मे २०२० ला, करोनामुळे रिकाम्या असलेल्या ॲमस्टरडॅमच्या डाम चौकात, राजे विलेम-अलेक्झांडर यांनी हे उघड बोलून दाखवलं. त्या लोकांना एकटं टाकल्यासारखं वाटलं, लंडनहून माझ्या पणजीकडूनही शब्दांचा पुरेसा आधार मिळाला नाही, आणि ही गोष्ट माझा पिच्छा सोडत नाही, अशा अर्थाचं ते बोलले. ते भाषण जरूर ऐका. मग ॲमस्टरडॅमला प्रतिकार संग्रहालय पाहा आणि तिथून चालत वेस्परस्ट्राटच्या नावांच्या स्मारकाकडे जा. एकेका विटेवर एकेक नाव, जन्मतारीख, वय. सगळ्या मिळून १ लाख २ हजारांहून जास्त विटा आहेत. वयं वाचा. ‘३ वर्षं’, ‘११ महिने’ असं दिसेल.

दुसरी जागा आपल्याला, भारतीयांना, आपसूक खटकते. ६ ऑगस्ट १९४२ ला राणी अमेरिकन काँग्रेसपुढे स्वातंत्र्यावर बोलली. तिथे भाषण करणारी ती पहिली राज्य करणारी राणी. दोनच दिवसांनी मुंबईत गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला. पारतंत्र्य म्हणजे काय हे राणी स्वतः भोगत होती, आणि इंडोनेशिया तिची वसाहत होती, तेव्हा जपानच्या ताब्यात गेलेली. डिसेंबर १९४२ च्या भाषणात तिने युद्धानंतर वसाहतींना बरोबरीच्या भागीदारीचं आश्वासन दिलं. इंडोनेशियाने १७ ऑगस्ट १९४५ ला स्वातंत्र्य जाहीर केलं आणि डच सरकारने तिथे सैन्य धाडलं. ते युद्ध १९४९ पर्यंत चाललं. तिच्या धैर्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही मी मुलांना सांगते, या सगळ्या तारखा वहीत शेजारी शेजारी लिहा.

परतीसाठी एडेला जा, बेल्जियमच्या सीमेवरचं अगदी छोटं गाव. मोटार हवी, ब्रूजहून जवळ पडतं. १३ मार्च १९४५ ला राणी इथे मोटारीतून उतरली आणि पायी सीमा ओलांडली. सीमा दिसावी म्हणून रस्त्यावर पिठाची पांढरी रेघ ओढली होती. देशाचा उत्तर भाग तेव्हा अजून जर्मनांकडे होता, तिथे लोक उपासमारीने मरत होते, म्हणून हा सोहळा अर्ध्याच देशाचा. त्या दिवसाची छायाचित्रं आधी पाहून जा. जाड कोट, हॅट, आणि रेघेपलीकडे उभे गावकरी.

एकच दिवस हाताशी असेल तर असं करा. आदल्या रात्री दोन भाषणं ऐका, २८ जुलै १९४० आणि १७ ऑक्टोबर १९४२. सकाळी द हेगला नूर्डआइंडे राजवाड्याजवळचा तिचा पुतळा पाहा. शार्लोट व्हान पालांड्ट यांनी तो घडवला आहे. नाजूकपणा शोधू नका, कोटात गुंडाळलेला एक खांबच आहे तो. दुपारी हूकला जा, वाऱ्याचा जोर असतो, कानटोपी बरोबर घ्या. ॲमस्टरडॅमची विटांची भिंत मात्र त्याच दिवशी कोंबू नका, तिच्यासाठी वेगळा दिवस काढा, आणि लहान मुलांना नेणार असाल तर वयं तुम्ही आधी वाचून ठेवा, म्हणजे त्यांच्या प्रश्नांना उत्तर देता येईल.