बाळाच्या हृदयात काही गडबड आहे का, घरच्या घरी कसं ओळखायचं

पहिलं म्हणजे बाळ दूध पिताना नीट बघा. माझी भाची दीड महिन्याची असताना चार घोट प्यायची, थांबायची, धापा टाकायची, परत प्यायची, वर पंखा चालू तरी कपाळावर घामाचे थेंब, आम्ही आपले म्हणतोय उकडतंय तिला, आणि आजीने तर मीठमोहऱ्या पण ओवाळल्या. वजन वाढेना तेव्हा डॉक्टरकडे नेलं, इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, तर हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक.

मग श्वास मोजा. बाळ शांत झोपलेलं असताना झबलं वर करायचं, पोट एकदा वर-खाली झालं की एक, आणि पूर्ण मिनिटभर मोजायचं, अर्ध्या मिनिटाची दुप्पट नको कारण तान्ह्या बाळाचा श्वास मधेच भरभर चालतो मधेच थबकतो. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०, एवढा किंवा याच्या पुढे गेला तर परत एकदा मोजा, तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. न्यूमोनियातही असं होतं, त्यामुळे निदान आपण करत बसायचं नाही.

आता रंग. नवीन बाळाचे तळहात-तळपाय थंडीने निळसर होतात, ते सोडा. जीभ बघा, दिवसाउजेडी, खिडकीपाशी. सावळ्या बाळाचं अंगावर कळत नाही, जिभेवर कळतं. जीभ निळी असेल तर थांबू नका, १०८ लावा. रडता रडता एकदम काळंनिळं पडलं तर गुडघे छातीशी दुमडून धरा आणि निघा. बाळंतपणानंतर डिस्चार्जच्या आधी बाळाच्या उजव्या हाताला आणि पायाला ऑक्सिमीटर लावून बघा असं आपणहून सांगायचं, पण आकडा चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नका, भाचीला होतं तसं भोक त्यात बऱ्याचदा सापडतच नाही.

शाळेतल्या मुलांचं वेगळं. ५ ते १५ वयात घसा दुखून बरा होतो आणि दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन गुडघा सुजतो, तो उतरला की घोटा धरतो. घरात म्हणतात वाढीचं दुखणं. वाढीच्या दुखण्यात पाय रात्री दुखतात आणि सकाळी पोरगं उड्या मारतं, सूज नसते. इथे सांधा गरम लागतो, हात लावू देत नाही. कधी हातपाय आपोआप हलतात, अक्षर बिघडतं, पेला हातातून पडतो आणि बिचाऱ्याला वर ओरडा बसतो. हा र्‍हुमॅटिक फीव्हर असू शकतो, तो हृदयाच्या झडपा खराब करतो. पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी सांगितलं की वर्षानुवर्षं चुकवायचं नाही.

मोठ्यांनीसुद्धा, व्हायरल तापानंतर जिना चढताना दम लागला, धडधड झाली, किंवा आडवं झाल्यावर छातीत जास्त दुखतंय आणि पुढे वाकलं की बरं वाटतंय असं झालं तर ॲसिडिटी म्हणून गोळी न घेता सरळ ईसीजी काढावा.

खर्चाची भीती असेल तर अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते तिला दाखवा, १८ वर्षांपर्यंत तपासणी आणि पुढचे उपचारही फुकट. आणि जाताना बाळ दूध पितानाचा मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या, दवाखान्यात ते नेमकं झोपलेलं असतं.