सगळ्या टूल्सचा झेड एकदम सरकला तेव्हा

भोसरीतल्या आमच्या शॉपमध्ये फानुक कंट्रोलची सीएनसी लेथ आहे, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणारं कातकामाचं यंत्र. तिच्यावर झेड म्हणजे जॉबच्या लांबीची दिशा, एक्स म्हणजे डायमीटरची. सकाळच्या पहिल्याच जॉबची एकूण लांबी 0.4 मिमी कमी आली. ऑपरेटर लगेच फेसिंग टूलच्या (फेस म्हणजे जॉबचं तोंड, ते सपाट करणारं टूल) वेअरमध्ये, म्हणजे झिजेपोटी द्यायच्या बारीक दुरुस्तीत, आकडा टाकायला निघाला. म्हटलं, थांब रे, आधी ग्रूव्ह (खाच) मोज. फेसपासून ग्रूव्हचं अंतर अगदी ड्रॉइंगप्रमाणे होतं, डायमीटरही बरोबर. म्हणजे टूल्स आपापसांत ठीक. सरकलं होतं ते अख्खं पार्ट झीरो, म्हणजे सगळी मापं जिथून धरतात तो शून्यबिंदू. अशा वेळी एका टूलचा वेअर बदलला की लांबी जमते, पण ग्रूव्ह बिघडतं.

वर्क ऑफसेटचं पान उघडलं, तिथे पार्ट झीरोची जागा जी54 ते जी59 अशा रकान्यांत नोंदवलेली असते. जी54 जसंच्या तसं, पण वर ‘00 ईएक्सटी’च्या झेडमध्ये -0.400 बसलेलं. रात्रपाळीत कुणीतरी जॉबपुरतं टाकलं असणार. हा आकडा जी54 ते जी59 सगळ्यांत मिळवला जातो आणि त्याकडे सहसा कुणी बघत नाही. तो शून्य केला. मग एमडीआयमध्ये (हाताने एकेक आज्ञा द्यायचा मोड) जी54 आणि टी0101 (पहिलं टूल, त्याचाच ऑफसेट) देऊन, रॅपिड म्हणजे जलद सरकण्याचा वेग 25 टक्क्यांवर ठेवून टूल झेड100 ला नेलं आणि टोकापासून जॉबच्या फेसपर्यंत पट्टी लावली. शंभर भरले. पुढचा पीस मापात.

एक्सचं म्हणाल तर स्पिंडलचं सेंटर काही हलत नाही. आम्ही जी54 चा एक्स शून्यच ठेवतो, डायमीटरचं करेक्शन टूल ऑफसेटमध्ये. आता सेटिंग शीटवर ईएक्सटीचा रकाना छापलाय, पाळी बदलताना सही लागते.